बॉनेटखालची शेगडी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते गाडीच्या डिकीतल्या सामानासारखे साठत जातात. आधी कुणाची तरी छत्री राहते, मग एक चटई, मग बॅडमिंटनची एकच रॅकेट, आणि एक दिवस जॅक काढायला डिकी उघडावी तर जॅक सोडून सगळं सापडतं! परवा संदेशचा चाकणहून फोन आलेला. मी सहज म्हटलं, "अरे, ते टूथब्रश आठवतात का?" पुढचा पाऊण तास आम्ही कामाचं एकही वाक्य बोललो नाही.

तर जागा सांगते. डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीचं पार्किंग, खांब क्रमांक सात. माणसं तीन. मी केतकी, नुकतीच मेकॅनिकलची डिग्री घेतलेली आणि जगातली प्रत्येक वस्तू दुरुस्त होऊ शकते असं मानणारी. संदेश, माझ्या कॉलेजातला मित्र, दर रविवारी दिव्याहून यायचा. आणि म्हात्रे मामा, कल्याण-शीळ रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. आमची पांढरी हॅचबॅक घेतल्या दिवसापासून तिला हात लावायचा तो मामांनीच. वर चौथ्या मजल्यावर आई-बाबा.

आता संदेश चाकणला नोकरीला आहे, मामांनी शेड मोडून गावात नातवंडं सांभाळायला घेतली आहेत, आणि खांब क्रमांक सातला चार्जिंगचा पॉइंट बसलाय. पण त्या एका पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे रविवार मला अजून वासासकट आठवतात. रॉकेल, ओलं फडकं, आणि वरून येणारा आईच्या फोडणीचा वास.

*

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली. नियम असा की पंधरा वर्षांनी ती आरटीओत पुन्हा तपासून घ्यायची. पास झाली तर आणखी पाच वर्षं चालवायची, नाहीतर भंगारात. तपासणीची तारीख दिवाळीनंतरची होती, पण बाबांनी ऑगस्टमध्येच निकाल लावून टाकला.

"तपासायला न्यायचीच नाही. सरळ भंगारवाल्याला फोन."

बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. कुठलाही निर्णय ते दोनदा मोजल्याशिवाय घेत नाहीत, आणि घेतला की बदलत नाहीत. मी मात्र पेटले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी पाढे पाठ केलेले. पहिल्यांदा स्टेअरिंग धरलं ते तिचंच. आणि चालणारी वस्तू निव्वळ जुनी झाली म्हणून फेकायची, ही कल्पनाच मला सहन होत नाही!

मी मामांना बोलावून आणलं. मामांनी इंजिन चालू केलं, मान वाकडी करून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "इंजिनाला काय झालाय साहेब? मस्त हाय."

"इंजिनाचं म्हणतच नाही मी, म्हात्रे. हे बघा." बाबांनी बॉनेटखाली बोट फिरवलं. गंज, ऑइलचा काळा थर, वायरींचा गुंता. "परवा पंपावर पाणी घालायला बॉनेट उघडलं, तर शेजारच्या गाडीतला माणूस बायकोला म्हणाला, अगं, तिकडे बघू नकोस!"

"मग ते सुंदर केलं तर?" मी म्हटलं.

"इंजिन कोण सुंदर करतं?"

"मी!"

बाबांनी चष्मा पुसला. म्हणजे एकदा मोजलं. परत डोळ्यांवर चढवला. दोनदा मोजलं. "ठीक आहे. तपासणीच्या आधीच्या रविवारी मी स्वतः बॉनेट उघडीन. बघून ठेवावीशी वाटली तर नेऊ. नाही वाटली, तर त्यावर तू एक शब्द बोलायचा नाहीस."

मामा हळूच म्हणाले, "पोरी, गाडीचा करू आपण कायतरी. पन ती दुसरी अट कठीन हाय गो."

*

पहिलं काम धुण्याचं. मी नळाला पाइप लावला, तोच संदेश ओरडला, "किती पाणी घेणार?"

"असेल दोन-तीन बादल्या."

"इंजिनाला? आमच्या बिल्डिंगमध्ये दोन बादल्यांत चार माणसं ऑफिसला जातात!"

त्यानं पाइप काढून ठेवला, एक तांब्या पाणी आणि वाटीभर रॉकेल घेतलं आणि जाहीर केलं, की हे काम टूथब्रशचं आहे. मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'जुने टूथब्रश असल्यास खांब क्रमांक ७ ला आणून द्यावेत. केतकी, ४०३.'

संध्याकाळपर्यंत अर्धी बादली भरली! सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, 'उपक्रम स्तुत्य आहे, परंतु गरजूंना वापरलेले ब्रश देणे योग्य होणार नाही.' त्याखाली अकरा जणांनी अंगठे दाखवले.

दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो, तर दुसऱ्या मजल्यावरचे देशमुख काका बनियनवर खाली आले. डाव्या हाताच्या बोटावर पेस्ट.

"एक हिरवा ब्रश आलाय का इथे? हिनं जुना समजून दिला. कालच पाकिटातून काढलेला!"

संदेश गाडीखाली आडवा पडून इंजिनाची तळाची बाजू घासत होता. त्यानं आतूनच हात बाहेर काढला. हातात हिरवा ब्रश, त्यावरून काळं ऑइल ठिबकतंय.

"काका, थोडाच वापरलाय!"

*

त्याच दिवशी बॅटरी बाहेर काढली, तर तिच्या खालच्या खोबणीत उंदराचं घर. शेंगांची टरफलं, काथ्याचे तुकडे, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे बारीक कपटे, सगळं गोल रचून ठेवलेलं. मी तर शरमेनं मेले. बाबांनी हे बघितलं असतं तर भंगारवाला त्याच दुपारी आला असता!

मामांनी मात्र ते घरटं दोन्ही हातांनी अलगद उचललं, वळवून वळवून बघितलं आणि म्हणाले, "उंदीर रिकाम्या घरात नाय ऱ्हात. गाडी चांगली हाय म्हनून ऱ्हायला."

*

मग आले गणपती, आणि गणपतींबरोबर संदेशची आयडिया. ह्या आयडियेचा मी आजवर कुठल्याही इंटरव्ह्यूत उल्लेख केलेला नाही.

"नव्या गाड्यांचं बघ," तो म्हणाला. "बॉनेट उघडलं की वर एक मस्त कव्हर असतं. खाली काय गोंधळ आहे ते कुणाला दिसतंय? आपण पण कव्हर करू."

"कशाचं?"

तो आमच्या घरातल्या मखराकडे बघत होता. सोनेरी कागद चिकटवलेला सनबोर्ड, दोन खांब, वर कमान, कमानीवर कोयऱ्या. गणपती दीड दिवसाचा, मखर तसंच पडून. आणि मी, थर्मोडायनॅमिक्समध्ये डिस्टिंक्शन मिळवलेली मुलगी, "अरे, भारी!" म्हणाले.

अर्ध्या दिवसात कव्हर तयार. कोयऱ्यांसकट! बॉनेट उघडलं की आत राजवाडा. मामांना दाखवायचं म्हणून आम्ही तडक निघालो, वाटेत कल्याणहून संदेशच्या आत्याला घ्यायचं होतं म्हणून तिकडून फिरून. पत्रीपुलाजवळ गाड्या तुंबलेल्या. दहा मिनिटांत आधी वास आला, मग बॉनेटच्या फटीतून धूर.

संदेशनं गाडी कडेला घेतली, बंद केली. आम्ही बॉनेट उघडेपर्यंत एक हवालदार येऊन उभा. आत सोनेरी कमान वितळून इंजिनावर ओल्या टॉवेलसारखी पसरलेली.

"काय आहे हे?"

"मखर, साहेब," संदेश म्हणाला. खोटं त्याला येतच नाही.

"मखर?" हवालदारानं वाकून बघितलं. एक कोयरी अजून शाबूत होती. "आणि गणपती कुठाय?"

संदेशनं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "मीच चालवत होतो!"

हवालदाराला हसू आवरेना. त्यानंच काठीच्या टोकानं ते सगळं उचकटून बाहेर काढायला मदत केली.

मामा मात्र हसले नाहीत. ऐकून घेतलं, हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "पेटली असती तर? एवढी शिकली तुमी!" तो आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही.

*

खरं कव्हर मला पोटमाळ्यावर सापडलं. गेलेले दुसरंच काहीतरी शोधायला, आणि हाताला लागली आमची जुनी दोन बर्नरची शेगडी. घरात काचेची शेगडी आली तेव्हा आईनं ही 'कधीतरी लागेल' म्हणून वर टाकलेली. तिचा वरचा स्टीलचा पत्रा काढला. बर्नरची दोन गोल भोकं, कडा सुबक वळवलेल्या. तो घेऊन मी जिन्यानंच खाली धावले.

इंजिनावर ठेवला, आणि काय सांगू! लांबी बरोबर. रुंदी बोटभर कमी. डाव्या बर्नरचं भोक नेमकं ऑइल भरायच्या झाकणावर आलं, जणू त्यासाठीच पाडलेलं! पत्रा न हलवता ऑइल भरता येणार. उजव्या भोकातून हात घालून वायरी तपासता येणार. खाली हवा खेळायला जागा. आणि गरम होऊन वितळण्याचा प्रश्नच नाही.

मी वर येऊन आईला सांगितलं, "तुझी जुनी शेगडी इंजिनावर बसवतेय."

आई भाजी निवडत होती. तिनं एक देठ मोडलं, बाजूला टाकलं.

"एकवीस वर्षं मी तिच्यापुढे उभी होते. आता तिला फिरायला नेतेस, मला कधी नेणार?"

पुढच्या रविवारी मामांनी पत्र्यावर बोटानं टकटक केलं. पत्रीपुलानंतर ते पहिल्यांदाच हसले. "यानं जन्मभर जाळ सोसलाय. याला गाडीची गरमी काय करनार? बसव."

*

पत्रा बसवायचा तर खाली रबर असलेल्या क्लिपा हव्यात, नाहीतर गाडी सुरू झाली की भजन मंडळाच्या झांजा. क्लिपा आणायला मी ठाण्याला गेलेले. स्टेशनजवळच्या गल्लीत गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कुठली गाडी? किती साल?"

मी सांगितलं.

"पंधरा वर्षं? काढून टाका मॅडम, नवी घ्या."

झालं! मी सुरू झाले. वस्तू फेकून देण्याच्या सवयीवर बोलले, कचऱ्याच्या डोंगरांवर बोलले, जमिनीतून काढलेल्या प्रत्येक किलो लोखंडामागे किती माणसांचा घाम असतो त्यावर बोलले. आपले आजोबा छत्रीची काडीसुद्धा बदलून घ्यायचे, तेव्हा देश गरीब होता, पण उधळा नव्हता, हे तर मी जरा मोठ्यानंच बोलले. मागे चार गिऱ्हाईकं जमली. एका काकांनी "बरोबर आहे" असं म्हटल्यावर मला आणखी चेव आला.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, क्लिपा सगळ्या गाड्यांना एकाच लागतात. किती देऊ?"

"...सहा."

*

दसऱ्याला आमचं पार्किंग बघण्यासारखं असतं. प्रत्येक गाडीला झेंडूचा हार, आंब्याचा टहाळा, चाकाखाली लिंबू. लहान मुलांच्या सायकलींनासुद्धा कुंकू! आईनं ताट तयार केलं, हार दोन आणले. एक स्कूटरला, एक पांढरीला.

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. "एकच पुरे होता. भंगारात जायच्या गाडीला हार कशाला?"

मी तोंड उघडलं, पण मला आमची अट आठवली आणि मी गप्प बसले. फार अवघड गेलं. आईला मात्र कुठलीच अट नव्हती. बाबांना रिटायर व्हायला तेव्हा पाच महिने उरलेले.

"मार्चमध्ये तुम्हालाही हार घालणारच आहेत," आई म्हणाली, "तेव्हा नको म्हणा."

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि मुकाट्यानं चपला घातल्या. हार त्यांनीच घातला. बॉनेट मात्र उघडलं नाही. "ते ठरलेल्या दिवशी," म्हणाले.

*

शेगडीच्या पत्र्यावर एकवीस वर्षांचे डाग होते. उतू गेलेल्या दुधाचे, आमटीचे, करपलेल्या कशाकशाचे. घासून घासून हात दुखले, पण ते हटेनात. मग उष्णता सोसणारा चंदेरी स्प्रे आणला, सायलेन्सरला मारतात तो. पत्रा घेऊन मी आणि संदेश गच्चीवर. ऑक्टोबरचं ऊन, वाळायला एकदम बेस्ट.

पहिला हात मारला. दुसरा मारला. आरशासारखा झाला! संदेश म्हणाला, "तिसरा मारूया, तुझे बाबा चष्म्याशिवाय बघतील." तिसरा मारताना वारा सुटला, पण आमचं लक्षच नव्हतं.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला चादरीवर शेजारच्या कुलकर्णी काकूंनी दिवाळीच्या चिवड्याचे पोहे उन्हात घातलेले. तीन किलो, पातळ, पांढरेशुभ्र. म्हणजे सकाळी पांढरेशुभ्र होते.

काकू वर आल्या, चादरीपाशी उकिडव्या बसल्या, चिमूटभर पोहे उचलून उन्हात धरले. चमचम चमकत होते.

"काजूकतलीला वर्ख बघितलाय मी," त्या म्हणाल्या. "चिवड्याला पहिल्यांदाच बघतेय!"

आईनं आमचे तीन किलो पोहे त्यांच्याकडे पोचवले आणि त्या वर्षी आमच्याकडे विकतचा चिवडा आला. दिवाळीच्या पहिल्या सकाळी बाबांनी एक घास खाल्ला, थांबले. "हा असा गोड का लागतोय?"

आई म्हणाली, "गाडी सुंदर होतेय ना, म्हणून."

*

आणि मग तो रविवार. मंगळवारी आरटीओची तारीख.

संदेश सकाळी साडेसातलाच आला, धुतलेला शर्ट घालून, जणू मुलगी बघायला चाललाय. मामा गॅरेज बंद ठेवून आले. आम्ही शेवटचं फडकं मारलं. वायरी काळ्या नळ्यांमध्ये नीट ओवून बाजूनं नेलेल्या, बॅटरीच्या टोकांना नवी लाल-काळी टोपणं, गंजलेल्या पट्ट्या घासून रंगवलेल्या, आणि मधोमध चंदेरी पत्रा, सहा क्लिपांवर घट्ट. मला स्वतःलाच विश्वास बसेना!

दहा वाजता बाबा खाली आले. ऑफिसला जाताना घालतात तसा खोचलेला शर्ट. माझ्याकडे न बघता त्यांनी बॉनेट उघडलं, दांडी लावली आणि हात मागे बांधून बघत उभे राहिले.

एक मिनिट गेलं. मी एक शब्द बोलले नाही. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाबास म्हणाल्यासारखी.

बाबा वाकले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बर्नरच्या भोकातून दोन बोटं आत घालून एक वायर जराशी वर ओढली, सोडून दिली. मग दुसरी.

"ह्यांवरच्या पट्ट्या कुठे आहेत?"

"कुठल्या पट्ट्या?"

"पिवळ्या. प्रत्येक वायरीला होती."

होत्या. वायरींना जागोजागी काहीतरी गुंडाळलेलं होतं, ऑइलनं काळं झालेलं, चिकट, कडा उलटलेल्या. पहिल्या दोन रविवारांत मी आणि संदेशनं नखांनी खरवडून एकूण एक काढून टाकलेलं.

"बाबा, तो कचरा होता... म्हणजे आम्हाला वाटलं, की..."

"अच्छा," बाबा म्हणाले. आणि लिफ्टकडे चालायला लागले.

लिफ्टचं दार बंद झालं. संदेश गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. "गेली," म्हणाला. "गाडी गेली, केतकी."

मी मामांकडे वळले. "काय होतं त्या पट्ट्यांवर?"

"साहेबांचा अक्षर होता गो," मामा म्हणाले. "कंचाबी काम झाला की साहेब वायरीला चिठ्ठी लावायचे. लॅबमंदी बाटल्यांना लावतात तशी. कंची वायर, कुठं जाते, कवा बदलली. मना कधी शोधायला लागली नाय. मना वाटला, तुमी वाचून मग काढल्या."

आम्ही वाचल्या नव्हत्या. वाचायचं काही आहे, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी वर बघितलं. चौथ्या मजल्यावरची आमची खिडकी बंद. मला रडायला येत होतं आणि संदेशसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी फडकं घेऊन स्वच्छ असलेला पत्रा पुन्हा पुसायला लागले.

लिफ्ट खाली आली. बाबा बाहेर पडले. एका हातात पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ, लॅबमध्ये वापरतात ते, गरमी सोसणारं. खिशाला बारीक टोकाचं काळं पेन. डोळ्यांवर वाचायचा चष्मा.

"म्हात्रे, बॅटरी धरा."

मामांनी टॉर्च धरला. बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"हेडलाइट, डावा," ते पुटपुटले, लिहिलं, पट्टी वायरीला गुंडाळली, नखानं दाबली. "खोपोलीच्या उतारावर गेला होता. तुम्हीच आलेलात ना म्हात्रे, स्कूटरवर?"

"आन् तुमी तोवर वैनींना टॉर्च घिऊन पुढं चालवलात," मामा म्हणाले.

"हेडलाइट, उजवा... पंखा... हा पंख्याचा रिले, केतूला कांजिण्या झालेल्या त्या वर्षीचा. दवाखान्यातून येताना गाडी तापली."

मी हळूहळू जवळ सरकले. संदेश पट्टीचे सारखे तुकडे कापून द्यायला लागला.

"हॉर्न," बाबा म्हणाले आणि पहिल्यांदाच गालात हसले. "तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी अडकला. वाजायचा थांबेचना. पूर्ण सोसायटी गॅलरीत. सगळ्यांना वाटलं, पोरगी बोर्डात आली!"

"किती टक्के होते गं?" संदेशनं विचारलं.

"एकसष्ट," बाबा म्हणाले.

बारा वाजले. एक वाजला. आईनं दोनदा वरून हाक मारली. बाबांना प्रत्येक वायर आठवत होती, आणि कुठली कधी, कुठे, कुणाबरोबर असताना बिघडली तेही. पत्रा कसा झालाय, रंग कसा झालाय, ठेवायची की भंगारात, एक अक्षर नाही. आणि मी अट पाळत गप्प.

शेवटची वायर झाली. बाबांनी रिळातून आणखी एक तुकडा घेतला, जरा मोठा. फेंडरवर हात टेकवून, आमच्याकडे पाठ करून त्यावर काहीतरी लिहिलं. चंदेरी पत्र्याच्या कोपऱ्यात लावला, अंगठ्यानं चारही कडा दाबल्या. मग दांडी काढली, बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून लावलं.

"हात धुवा. म्हात्रे, तुम्ही जेवून जायचंय. आमटी गार होतेय."

बाबा लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झाल्याबरोबर संदेशनं बॉनेट उघडलं.

लॅबमधल्या बाटल्यांवर असतं तसं, सरळ, सुटं, छापल्यासारखं अक्षर. 'पुढील तपासणी', आणि पुढे पाच वर्षांनंतरची तारीख. खालच्या ओळीत, 'तपासणार: केतकी'.

मी ते वाचलं. परत वाचलं.

"किती वाचशील?" मामा म्हणाले. "बॉनेट लाव गो. धूल बसंल."